नाक तेलकट, गाल कोरडे

मेअखेरच्या नवतपात नागपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो, हवा पार कोरडी होते आणि मिश्र त्वचेचे नाक तेलाने चमकत असताना गाल मात्र ओढल्यासारखे होतात. मग दिवसातून पाचदा साबण! पण तेल वेगळे, ओलावा वेगळा. साबणाचा पीएच ९-१०, त्वचेचा पाचाच्या आसपास. अति धुण्याने त्वचेचे संरक्षक आवरणच झिजते आणि मुरुमांची जळजळ वाढते. ओलाव्यासाठी क्रीम लावावे, तर ‘क्रीम लावले की मुरूम येतात’ हा आक्षेपही अगदीच खोटा नाही. खोबरेल किंवा कोको बटर काहींची रंध्रे बुजवते. ग्लिसरीनचे हलके जेल सहसा तसे करत नाही.

मग डबीवरच्या ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (रंध्रे न बुजवणारे) या शब्दावर विसंबावे का? क्लिगमन आणि मिल्स या संशोधकांनी १९७२ मध्ये प्रसाधने तपासली ती सशाच्या कानावर, आणि तो कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा फार संवेदनशील. शिवाय या शब्दाला बंधनकारक मापदंड नाही. स्वतः तपासायचे, तर फाउंडेशन मनगटावर लावून काहीच कळत नाही (मनगटाला मुरूम येतात कुठे?). जबड्याच्या कडेला ते तीन-चार आठवडे लावून पाहावे, कारण बुजलेल्या रंध्राची पुटकुळी दिसायला काही आठवडे जातात.