योरुबांची अभिवादने

परक्या भाषेची ओळख बहुधा अभिवादनापासून होते. भोपाळच्या पिपलानी वसाहतीला हे सांगावयास नको. १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यामुळे तेथे नाना प्रांतांची कुटुंबे शेजारी आली. मराठी ‘नमस्कार’, तमिळ ‘वणक्कम्’ आणि शिखांचे ‘सत श्री अकाल’ एकाच रस्त्यावर कानी पडू लागले. शेजाऱ्याला त्याच्याच भाषेत अभिवादन केले, की त्याची मुद्रा कशी उजळते, हे अशा वसाहतीत राहणाऱ्यास ठाऊक असते.

पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांत तर अभिवादनाला सामाजिक कर्तव्याचेच स्थान आहे. नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात, लागोस व इबादान या नगरांत आणि शेजारच्या बेनिन देशातही ही भाषा बोलली जाते. सकाळी ‘ए कारॉ’, दुपारी ‘ए कासां’ आणि सायंकाळी ‘ए कूरॉले’ म्हणतात. येणाऱ्याचे स्वागत ‘ए काबॉ’ने होते, तर आभार ‘ए शे’ या शब्दांनी मानतात.

आरंभीच्या ‘ए’कडे विशेष लक्ष द्यावे. त्याचा उच्चार आपल्या ‘ए’पेक्षा अंमळ उघडा असतो, अर्थ मात्र आपल्या ‘तुम्ही’सारखा. तो अनेकांना उद्देशून येतो, तसाच एका वडीलधाऱ्यालाही. बरोबरीच्या मित्राला नुसते ‘कारॉ’ चालते. वडिलांपुढे ‘ए’ गाळणे हा उद्धटपणा होय. परंपरेने तरुण मुलगा वडिलांसमोर जमिनीवर पालथा होतो आणि मुलगी गुडघे टेकते. आपल्याकडील साष्टांग नमस्काराची येथे सहज आठवण होते.

योरुबा अभिवादन केवळ घड्याळ पाहून केले जात नाही. समोरचा माणूस काय करीत आहे, हेही पाहावे लागते. कामात गुंतलेल्याला ‘ए कूशे’ म्हणावयाचे. तुमचे श्रम आमच्या लक्षात आले, असा त्याचा आशय. बरेच दिवसांनी भेटलेल्यास ‘ए कू ऑजॉ मेता’ म्हणतात. शब्दशः हे ‘तीन दिवसांचे’ अभिवादन. प्रत्यक्षात मधे महिने लोटलेले असले तरी चालते.

शिकणाऱ्याची खरी कसोटी स्वरांत आहे. या भाषेत उच्च, मध्यम व नीच असे तीन सूर आहेत आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. ‘ऑकॉ’ हा शब्द दोन्ही अक्षरे मध्यम सुरात ठेवून उच्चारला तर नवरा. दुसरे अक्षर चढविले तर कुदळ आणि उतरविले तर वाहन! देवनागरीत हे चढउतार दाखविता येत नाहीत. म्हणून वर दिलेले शब्द ही केवळ खूण समजावी आणि उच्चार योरुबा माणसाच्या तोंडूनच ऐकावा. ऐकावे, म्हणावे, पुन्हा ऐकावे, हाच मार्ग.

निरोपाचा शब्द मराठी माणसाला सर्वांत जवळचा वाटेल. योरुबा माणूस ‘ओ दाबॉ’ म्हणतो, म्हणजे ‘परत येईपर्यंत’. आपणही उंबरठा ओलांडताना ‘जातो’ असे म्हणत नाही, ‘येतो’ असेच म्हणतो. इतक्या दूरच्या दोन भाषांनी निरोपातही पुनर्भेटीचीच आशा जपली आहे. असे चार शब्द मनापासून शिकले, तर परक्या माणसाच्या दारात मनुष्य अगदीच परका राहत नाही.