दंड २५० कोटींचा, पण भरपाई कोणाला?

स्कॉलरशिपसारख्या कितीतरी कामांसाठी आपण आधारची झेरॉक्स देतो. ही माहिती सांभाळली नाही, तर कायदा किती कडक?

पुण्याचं उदाहरण घ्या. एका फसव्या ई-मेलमुळे पूना ऑटो अँसिलरीज या कंपनीचे पंजाब नॅशनल बँकेतले सुमारे ८० लाख रुपये गेले. २०१३ मध्ये राज्याचे आयटी सचिव राजेश अग्रवाल यांनी माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली बँकेला ४५ लाखांची भरपाई द्यायला सांगितली. म्हणजे कायद्याला दात होते! पण हा मार्ग किती जणांना माहीत होता? शिवाय यवतमाळहून मुंबईचं मंत्रालय काही जवळ नाही.

युरोपात बघा. मे २०२३ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने फेसबुकच्या मेटा कंपनीला १.२ अब्ज युरोंचा दंड ठोठावला. तिथे नुकसान झालेल्या माणसाला कोर्टात भरपाईही मागता येते.

आपल्याकडे २०२३ मध्येच डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत मिळाली. दंड २५० कोटींपर्यंत, तक्रारही ऑनलाइन. छानच! पण दंडाची रक्कम जाणार सरकारी तिजोरीत. आणि भरपाई देणारं जुनं ४३-अ कलम त्या मुदतीनंतर रद्द होणार, अशी तरतूद आहे.

तेव्हा नुसत्या आकड्यावरून कायदा कडक समजू नका. नुकसान झालेल्याच्या हातात काय पडतं, ते बघा. आणि हो, झेरॉक्स देताना ती कशासाठी दिली ते तारखेसह तिच्यावर लिहायला विसरू नका!