युरोपचा निधी वसमतला येतो का? आणि आपला हक्काचा निधी जातो कुठे?

वसमत तालुक्यातल्या काही तरुण मंडळांकडून आम्हाला सध्या एकच प्रश्न येतो : "युरोपातून संस्थांना निधी मिळतो म्हणे, आपल्याला कसा मिळेल?" प्रश्नामागे बहुतेक वेळा एखादा एजंट असतो. तो विहारात येतो, छापील कागद दाखवतो, संस्थेच्या नावावर लाखो रुपये आणून देतो म्हणतो आणि फाइलचा खर्च आधी मागतो. आमच्या ओळखीच्या एका मंडळाने अभ्यासिकेसाठी घरोघर फिरून जमवलेली वर्गणी अशीच फाइलच्या खर्चापोटी दिली. आज त्या एजंटाचा फोन बंद आहे आणि अभ्यासिकेला अजून टेबल-खुर्च्या नाहीत.

त्या मुलांना आम्ही दोष देत नाही. परदेशी निधी कसा येतो आणि कुणाला मिळतो, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. म्हणून ही सगळी माहिती एका जागी मांडत आहोत.

युरोपातला पैसा तीन वाटांनी चालतो

पहिली वाट युरोपीय संघाच्या स्वतःच्या प्रादेशिक विकास निधीची. हा निधी १९७५ साली सुरू झाला. ज्या प्रदेशाचे दरडोई उत्पन्न संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी, त्याला मोठा वाटा, असा त्याचा साधा हिशेब आहे. रुमानिया, बल्गेरियासारख्या देशांतले मागास भाग, बंद पडलेल्या खाणींची गावे, रोमा समाजाच्या वस्त्या यांच्यासाठी हा पैसा आहे. तो युरोपच्या हद्दीतच खर्च होतो आणि भारतातल्या मंडळाला त्यातून एक रुपयाही मिळत नाही. आम्ही पाहिलेल्या एका एजंटाच्या कागदावर नेमके याच निधीचे नाव होते.

दुसरी वाट सरकारमार्फत येणाऱ्या पैशाची. जर्मनीच्या सरकारी विकास बँकेच्या मदतीने १९९० च्या दशकात महाराष्ट्रात नाबार्डमार्फत इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम राबवला गेला. रोमला मुख्यालय असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीने २००७ पासून महिला आर्थिक विकास महामंडळाच्या 'तेजस्विनी' कार्यक्रमाला कर्ज दिले. आपल्या माय-बहिणी ज्या बचत गटांत आणि लोकसंचलित साधन केंद्रांत बसतात, त्यातले अनेक गट याच कार्यक्रमातून उभे राहिले. म्हणजे रोमचा पैसा हिंगोली जिल्ह्यात येऊन गेला, फक्त तो कुण्या एजंटाच्या पिशवीतून आला नाही. शिवाय तो कर्जाचा पैसा आहे. सरकार तो करातून फेडते आणि मोबाइलच्या रिचार्जवरही कर आपण भरतो. त्यामुळे असा कार्यक्रम तालुक्यात आला की आपल्या वस्तीतले किती गट त्यात आहेत, हे विचारायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

हे विचारावेच लागते. पाणलोटाच्या कामात श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी अशा अटी होत्या. अटी चांगल्या होत्या, डोंगर हिरवे झाले, विहिरींना पाणी आले. पण विहीर ज्याच्या शेतात, पाणी त्याचे. ज्याच्याकडे शेत नाही, फक्त दोन शेळ्या आहेत, त्याला चराईबंदीने काय दिले? भूमिहीनाचा हा प्रश्न गावाच्या समितीत कुणी मांडला तरच त्याची नोंद होते.

तिसरी वाट परदेशातल्या सेवाभावी संस्थांची. आपल्या चळवळीला सर्वात जवळचे उदाहरण ब्रिटनमधल्या करुणा ट्रस्टचे. तिथल्या बौद्धांनी १९८० साली हे काम सुरू केले आणि पुण्यातल्या त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाशी जोडलेल्या 'बहुजन हिताय'सारख्या कामांना मदत केली. त्यातून वसतिगृहे, आरोग्य आणि शिक्षणाची कामे उभी राहिली. हा पैसा जमला कसा, हे आपल्या तरुणांनी जरूर लक्षात घ्यावे. तिकडचे धम्ममित्र संध्याकाळी गल्लीगल्लीत फिरले, अनोळखी दारे वाजवली आणि एकेका घराकडून दरमहा थोडी थोडी रक्कम देण्याचे वचन घेतले. ज्याला आपण 'फॉरेनचा पैसा' म्हणतो, तोही शेवटी दारोदार मागितलेली वर्गणीच होता.

एफसीआरए : दार कुठे अरुंद झाले

तिसऱ्या वाटेवर विदेशी योगदान नियमन कायदा, म्हणजे एफसीआरए, उभा आहे. आजचा कायदा २०१० चा असून सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने तो फार कडक झाला. मंडळांना माहीत असाव्यात अशा गोष्टी या :

• केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय संस्थेला परदेशी पैसा घेता येत नाही. कायदा मोडल्यास पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे.

• नोंदणीसाठी साधारणपणे संस्था तीन वर्षे जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत. नोंदणी पाच वर्षांची असते.

• पैसा फक्त भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो.

• प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली.

• एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.

शेवटच्या नियमाचा फटका आपल्यासारख्यांना सर्वात जास्त बसला. पूर्वी मुंबई-पुण्याची मोठी संस्था पैसा घ्यायची आणि त्यातला काही भाग तालुक्यातल्या छोट्या संस्थेला द्यायची. कुरुंदा, गिरगाव, हट्टा इथल्या एखाद्या मंडळासाठी ती वाट होती, ती बंद झाली. कुणी आजही "आमच्या संस्थेकडे परवाना आहे, त्यातून तुम्हाला देतो" म्हणत असेल, तर तिथेच हात जोडून निरोप द्यावा.

इथे एक बारकावा आहे. लंडनला किंवा जर्मनीत नोकरीला असलेला आपला भाऊ अजून भारतीय नागरिक असेल, तर बँकेमार्फत त्याने स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी परदेशी योगदान धरली जात नाही. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर मात्र ती परदेशी ठरते. त्याच्या पासपोर्टची प्रत फाइलला ठेवा आणि मगच पावती फाडा.

हक्काचा निधी : घरातला हंडा

आता घराकडे वळू. परदेशी दाराशी रांग लावण्याआधी आपल्याच नावावरचा पैसा कुठे आहे, ते पाहू.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करायचे असतात. जिल्हा परिषदेच्या सेस निधीतले २० टक्केही त्यासाठीच असतात. गावातल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे आहे. त्यात वस्तीच्या लोकसंख्येप्रमाणे रस्ते, नाल्या, पाणी, दिवे, समाजमंदिर अशी कामे पाच वर्षांच्या बृहत् आराखड्यातून होतात. वसमत शहरासाठी अशीच नागरी वस्ती सुधार योजना नगरपरिषदेमार्फत चालते. हा पैसा मिळायला एफसीआरए लागत नाही, दिल्लीचे खाते लागत नाही आणि एजंट तर मुळीच लागत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी अनुसूचित जाती घटक योजना आहे. राज्याच्या विकास खर्चात अनुसूचित जातींच्या लोकसंख्येएवढा वाटा त्यांच्यासाठी वेगळा ठेवायचा, हे त्यामागचे तत्त्व. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हे प्रमाण ११.८ टक्के आहे. पण वाटा वेगळा काढला म्हणजे तो आपल्यावरच खर्च होईल, असे नाही. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेसाठी वळवले गेले, तेव्हा खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. लाभार्थी बहिणींत आपल्याही बहिणी आहेत, त्यांना मिळणाऱ्या पैशाला आमचा विरोध नाही. पण वसतिगृहाचा आणि शिष्यवृत्तीचा पैसा काढून तो का द्यायचा? आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये आणि तेलंगणाने २०१७ मध्ये या निधीसाठी स्वतंत्र कायदे केले. महाराष्ट्रात ही मागणी जुनी आहे. आपल्या आमदाराला ती लेखी विचारलेली आपल्यापैकी किती मंडळे आहेत?

युरोपकडून घ्यायचेच असेल तर हे घ्या

युरोपच्या प्रादेशिक निधीतून पैसा मिळणार नाही, पण एक रीत घेण्यासारखी आहे. तिथे ग्रामीण विकासासाठी १९९१ पासून स्थानिक कृती गट चालतात. गावातल्या संस्था, व्यावसायिक आणि स्थानिक प्रशासन एकत्र बसून आराखडा ठरवतात. २०१४ ते २०२० च्या नियमांत अशी अट होती की निर्णय घेताना सरकारी यंत्रणेकडे किंवा कोणत्याही एका हितसंबंधी गटाकडे ४९ टक्क्यांहून जास्त मते नसावीत. मदत आणि मत दोन्ही एकाच टेबलावर.

आपल्याकडे मागासलेपण मोजायचे प्रयत्न झाले. १९८४ ला दांडेकर समितीने अनुशेष मोजला, १९९४ ला संविधानाच्या कलम ३७१(२) खाली मराठवाडा विकास मंडळ आले, २०१३ ला केळकर समितीचा अहवाल आला. मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि ती वाढवली गेली नाही. प्रदेशाचे टेबलच उचलून नेले गेले. आणि ते होते तेव्हाही मोजमाप प्रदेशाचे, जिल्ह्याचे होत होते, वस्तीचे नाही.

वसमतच्या हळदीचेच बघा. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तालुक्यात हरिद्रा संशोधन केंद्र उभे राहत आहे. आनंदाची गोष्ट आहे. पण हळद उकडणाऱ्या, वाळवणाऱ्या, पॉलिशला पोती उचलणाऱ्या हातांत आपले हात किती, आणि प्रशिक्षणाच्या, कर्जाच्या, प्रक्रिया उद्योगाच्या यादीत आपली नावे किती? तालुक्याचा विकास झाला म्हणजे वस्तीचा झाला, असे आपण धरून चालू शकत नाही.

मंडळाने करायचे काय?

पहिले, कागद. सात सभासद जमवून संस्था नोंदणी कायदा १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खाली नोंदणी करा. हिंगोलीला सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालय आहे. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्या. आपल्या कित्येक संस्था इथेच अडकतात. अध्यक्ष वारले, सचिव पुण्याला गेले, पण कागदावर तेच आहेत. मग गट पडतात आणि विहाराला कुलूप लागते.

दुसरे, हिशेब. पावतीपुस्तक, रोकडवही, बँक खाते आणि दरवर्षी लेखापरीक्षण. आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंद आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठी लागणारा सीएसआर-१ अर्ज या पुढच्या पायऱ्या आहेत. उद्या परदेशी मदतीचा प्रामाणिक प्रस्ताव आलाच, तर हीच फाइल तीन वर्षांचे काम दाखवील.

तिसरे, प्रश्न. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही खर्च नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. ग्रामपंचायतीला तीनच गोष्टी विचारा : मागच्या तीन वर्षांचे स्वउत्पन्न किती? त्यातले १५ टक्के किती झाले? ते कोणत्या कामावर, कोणत्या तारखेला खर्च झाले? सोबत आपल्या वस्तीच्या बृहत् आराखड्याची प्रत मागा. उत्तर हाती आले की ते ग्रामसभेत वाचून दाखवा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. भांडणाची गरज नाही, आकडा पुरेसा असतो.

चौथे, स्वतःची वर्गणी. शंभर घरांनी दरमहा ५० रुपये दिले तर वर्षाला ६० हजार होतात. वस्तीतल्या अभ्यासिकेचे टेबल, खुर्च्या आणि पुस्तके त्यात बसतात. आणि त्या पैशाचा हिशेब विचारायला दिल्लीहून नाही, शेजारच्या घरातली माउली येते. यापेक्षा चांगला लेखापरीक्षक मिळणार नाही.

बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली ती याच १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली संस्था होती. पुढच्याच वर्षी सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले. सभेत समाजाबाहेरचे मान्यवरही होते आणि मदतही घेतली जात होती, पण आधी घटना होती, सभासद होते, हिशेब होता. नुसत्या मदतीवर ती संस्था उभी नव्हती.

ज्या मंडळाची वर्गणी बुडाली, त्या मुलांशी आम्ही पुन्हा बसलो. एजंटाविरुद्ध पोलिसांत तक्रार द्यायला आम्ही त्यांच्यासोबत आहोत. त्यांनी बदल अर्ज भरायला घेतला आहे आणि माहिती अधिकाराचा पहिला अर्जही लिहिला आहे. आपल्या गावात असा अर्ज कुणी लिहिणार असेल, तर मसुदा तयार करायला आम्ही बसू. फाइलचा खर्च घेणार नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.