एकट्याचा वृंद : बेस गिटार आणि लूपर

वाद्यवृंदात बेस गिटारचे स्थान इमारतीच्या पायासारखे असते. ते सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. पण काढून घेतले, तर वरचे सारे डळमळू लागते. अशा वाद्याने एकट्याने मैफल उभी करावी, ही कल्पना प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. तथापि अमेरिकेतील विख्यात बेसवादक जॅको पास्टोरियस यांनी ती प्रत्यक्षात आणून दाखविली. ‘वेदर रिपोर्ट’ या वृंदाच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एट-थर्टी’ या ध्वनिमुद्रिकेत ‘स्लँग’ नावाचे त्यांचे एकल वादन आहे. त्यात एक स्वरवाक्य त्यांनी प्रतिध्वनी देणाऱ्या यंत्रात साठविले, ते पुनःपुन्हा वाजू दिले आणि त्या आवर्तनावर पुढचे वादन केले. आपणच आपली साथ करण्याची ही युक्ती होय. आज हेच काम ‘लूपर’ नावाची, पायाने दाबावयाची छोटी पेटी करते.

या युक्तीचे सारे यश एका क्षणावर अवलंबून असते. आवर्तन जेथे सुरू झाले, तेथेच, अगदी समेवर, ते पायाने बंद करावे लागते. पाय किंचित उशिरा पडला, तर लय लंगडते. आणि ते लंगडणे एकदाच न घडता प्रत्येक आवर्तनात श्रोत्यांना ऐकावे लागते. त्याच क्षणी दुसरे एखादे पेडलही दाबावयाचे असेल, तर वादकाचे लक्ष दुभंगते. म्हणून यंत्रांचा पसारा आवरणे हा येथे केवळ टापटिपीचा प्रश्न नाही. तो लयीचा प्रश्न आहे.

पसाऱ्याचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. तीन पेडल्स एकापुढे एक जोडली, तर वाद्यापासून ॲम्प्लिफायरपर्यंत चार केबल आणि त्यांची आठ टोके होतात. दहा जोडली, तर केबल अकरा आणि टोके बावीस. यांतील एक टोक सैल झाले तरी सारे वाद्य मुके होते, आणि ते टोक अंधाऱ्या रंगमंचावर शोधत बसावे लागते. शिवाय प्रत्येक यंत्र आपली थोडी खरखर स्वरात मिसळते. लूपर स्वराबरोबर ही खरखरही साठवितो. सारख्या खरखरीचे चार थर एकावर एक चढले, की तिची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते.

मग क्रम कोणता ठेवावा? स्वर एक सप्तक खाली उतरविणारे पेडल सर्वांत आधी असावे. कारण त्याला स्वच्छ आणि एकेकटा स्वरच नीट ओळखता येतो. त्यानंतर स्वराला धार आणणारे ओव्हरड्राइव्ह. पुष्कळ ओव्हरड्राइव्ह पेडल्समध्ये मंद्र स्वराचे वजन हरवते. म्हणून मूळ स्वर सोबत मिसळण्याची सोय असलेले पेडल बेसला मानवते. लूपर या दोहोंच्या पुढे ठेवावा, म्हणजे प्रत्येक थर आपापल्या रंगासह साठविला जातो. ओव्हरड्राइव्ह लूपरच्या नंतर आले, तर सगळे थर एकत्र त्यातून जातात आणि त्यांचा गोंधळ होतो. रिव्हर्ब मात्र लूपरनंतर असावा. त्यामुळे सर्व थर एकाच दालनात वाजल्यासारखे वाटतात आणि आवर्तन थांबविल्यावर नाद एकदम न तुटता हळूहळू विरतो. एवढ्या चार पेट्यांत पुष्कळ काम भागते.

यंत्रे कमी केली तरी एक पथ्य उरतेच. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. त्या खोल पट्टीत दोन-तीन थर एकत्र आले, की स्वर वेगळे न राहता नुसता घुमारा उरतो. म्हणून खर्जात एकच थर ठेवावा, बाकीचे वरच्या सप्तकांत बांधावेत आणि मध्ये मोकळी जागा सोडावी.

एखादे पेडल ठेवावे की काढावे, हे ठरविण्याची कसोटी साधी आहे : त्याच्यावाचून आजच्या कार्यक्रमातील कोणती रचना अडते? एकही अडत नसेल, तर ते घरीच राहू द्यावे. त्याची उणीव श्रोत्यांना जाणवणार नाही. परंतु चुकलेली सम त्यांच्या कानांना खचित जाणवेल.