शरणपूर : नाशिकच्या उद्योगशाळेतील आफ्रिकी मुले

नाशिक महानगरपालिकेचे मुख्यालय ज्या वर्दळीच्या रस्त्यावर आहे त्याला शरणपूर रोड म्हणतात. कॅनडा कॉर्नरपासून दुकाने, दवाखाने आणि निवासी इमारती यांच्या दाटीत या नावाची ओळख आता पत्त्यापुरतीच उरली असली, तरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या नाशिकच्या पश्चिमेला, गावाच्या वस्तीपासून हटून, शरणपूर ही एक स्वतंत्र ख्रिस्ती वसाहत होती. तिथे प्रार्थनामंदिर, अनाथाश्रम, शाळा, कारखाना आणि राहती घरे एकाच आवारात नांदत होती. या वसाहतीच्या शाळेत शिकलेली काही मुले पुढे पूर्व आफ्रिकेच्या इतिहासात इतक्या ठळकपणे दिसतात की, त्या प्रदेशाचा अभ्यास करणाऱ्यांना नाशिकचे नाव टाळता येत नाही. खुद्द नाशिककरांना मात्र ही हकिकत फारशी ठाऊक नाही, आणि ही उणीव भरून निघावी इतके त्या मुलांचे कर्तृत्व निश्चित मोठे आहे.

१७९९ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन पंथाच्या संस्थेने १८३२ साली नाशिकमध्ये काम सुरू केले. तीर्थक्षेत्राच्या गावात धर्मांतर करणाऱ्या माणसाला घर, जात, पाणवठा आणि धंदा हे सारे एकदमच सोडावे लागे, त्यामुळे अशा कुटुंबांना राहण्याची आणि पोट भरण्याची वेगळी सोय करणे हा मिशनपुढचा पहिला व्यावहारिक प्रश्न होता. तो सोडवण्यासाठी विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्र्यांनी १८५४ साली शरणपूर वसवले. बायबलच्या जुन्या करारात, हातून नकळत मनुष्यवध झालेल्या माणसाला सूड घेणाऱ्यांपासून संरक्षण मिळावे म्हणून राखून ठेवलेल्या सहा नगरांचा उल्लेख येतो. आश्रयाच्या गावाची ती कल्पना ‘शरण’ आणि ‘पूर’ या दोन ओळखीच्या शब्दांत अगदी सहज उतरली. परकीयांनी वसवलेल्या वस्तीला इतके अस्सल मराठी नाव मिळाल्याची उदाहरणे थोडीच असतील.

शरणपूरची शाळा आजच्या अर्थाने माध्यमिक शाळा नव्हती. तिला उद्योगशाळा म्हणणे अधिक योग्य, कारण अक्षरओळख, इंग्रजी वाचन-लेखन आणि धर्मशिक्षण यांच्या जोडीला मुलांना सुतारकाम, लोहारकाम, बांधकाम आणि शेती, तर मुलींना शिवणकाम आणि घरकाम शिकवले जाई. प्रार्थना, वर्ग आणि कारखाना या तीन ठिकाणांभोवती दिवस फिरत असे. या तिन्हींना जोडणारी गोष्ट म्हणजे निवास : शाळा सुटल्यावर घरी जाणारे विद्यार्थी इथे नव्हते, घर म्हणजे शाळाच होती, आणि मोठेपणी लग्ने, संसार आणि कामधंदाही त्याच समाजात होण्याची अपेक्षा होती. मिशनच्या भाषेत अशा कुंपणाआतल्या वस्तीला ‘कंपाउंड’ म्हणत. या शब्दात संरक्षण आणि नियंत्रण या दोन्ही छटा आहेत, आणि शरणपूरमध्ये त्या दोन्ही खऱ्या होत्या.

या वसाहतीला जगाच्या इतिहासात जागा मिळाली ती मात्र इथल्या अनाथ मराठी मुलांमुळे नव्हे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून अरबस्तान आणि इराणच्या आखाताकडे गुलाम वाहून नेणारी गलबते ब्रिटिश नौदल समुद्रात अडवत असे. त्यांतून सोडवलेल्या माणसांना परत त्यांच्या गावी पोहोचवणे जवळपास अशक्य होते, कारण ती गावे किनाऱ्यापासून शेकडो मैल आत होती, वाटेवर तेच गुलामांचे व्यापारी होते आणि पकडली गेली तेव्हा लहान असलेल्या मुलांना आपल्या गावाचा ठावठिकाणाही सांगता येत नसे. त्यामुळे सुटका झालेल्यांपैकी अनेकांना मुंबई बंदरात उतरवण्यात येई आणि त्यांतील मुले सरकार निरनिराळ्या मिशनांकडे सोपवत असे. शरणपूरला आलेल्या अशा मुलामुलींसाठी जो विभाग उभा राहिला त्याला ‘आफ्रिकन असायलम’, म्हणजे आफ्रिकी मुलांचे आश्रयस्थान, असे नाव होते. पुढे या सर्व मुलांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ हे सामुदायिक नाव पडले, आणि प्रवासवर्णनांत तर ‘नासिक बॉइज’ हा शब्दप्रयोग रूढ झाला.

महाराष्ट्राला आफ्रिकी माणूस नवा नव्हता. अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार सांभाळणारा मलिक अंबर हा गुलामगिरीतूनच दख्खनमध्ये आला होता, आणि जंजिऱ्याच्या सिद्दींशी मराठ्यांचे पिढ्यान्‌पिढ्या वैर चालले. परंतु ते सरदार, सैनिक आणि दर्यावर्दी होते. गोदाकाठच्या गावी पाटीवर अक्षरे गिरवणारी आणि रंधा चालवणारी आफ्रिकी मुले हे दृश्य अगदीच वेगळे होते.

या मुलांची नावे हा शरणपूरच्या इतिहासातला सर्वांत बोलका आणि सर्वांत दुखरा भाग आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेश देणाऱ्या जलसंस्काराच्या वेळी, त्यांना इंग्रजी नावे मिळाली : जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, विल्यम जोन्स, एडवर्ड गार्डनर, सायमन प्राइस. आजच्या मोझांबिक, मलावी आणि टांझानिया यांच्या सीमाभागातील याओ जमातीत जन्मलेल्या मॅथ्यू वेलिंग्टनचे मूळ नाव चेंग्विंबे असे होते, हे ठाऊक आहे. पण बहुतेकांची मूळ नावे आज सापडत नाहीत. ज्या शाळेने त्यांना गुलामगिरीनंतरचे आयुष्य दिले, तिनेच त्यांच्या आधीच्या आयुष्याचा दाखलाही पुसट केला, आणि या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवून पाहता येत नाहीत.

डेव्हिड लिव्हिंगस्टन या स्कॉटिश संशोधक-प्रवाशाने १८६५ साली, आफ्रिकेच्या अंतर्भागातील आपल्या अखेरच्या मोहिमेची तयारी करताना, नाशिकला भेट दिली आणि शरणपूरच्या नऊ तरुणांना सोबत घेतले. मुंबईहून १८६६ च्या जानेवारीत निघालेल्या या तुकडीत चुमा नावाचा आफ्रिकी तरुणही होता. त्याला लिव्हिंगस्टनने आधीच्या सफरीनंतर मुंबईला डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवले होते. कारखान्यात हत्यारे हाताळायला शिकलेली, इंग्रजी समजणारी आणि आफ्रिकेत जन्मलेली मुले वाटाड्यांचे आणि दुभाष्यांचे काम चांगले करतील, असा हिशेब त्यामागे होता. तो लगेच खरा ठरला नाही. बालपणीच देश सुटलेल्या या तरुणांना शेकडो मैलांची पायपीट आणि ओझी वाहण्याचे काम अपरिचित होते, आणि लिव्हिंगस्टनच्या रोजनिशीत त्यांच्या आळसाबद्दल आणि वागणुकीबद्दल कडवट तक्रारी आढळतात. त्या वाचताना हे ध्यानात ठेवले पाहिजे की, लिहिण्याचे साधन आणि प्रसिद्धी या दोन्ही गोष्टी मालकाच्या हाती होत्या. नोकरांची बाजू त्या पानांत नाही.

त्याच रोजनिशीतील एक नोंद मात्र फार महत्त्वाची आहे. १८६६ च्या जुलैमध्ये, याओ प्रदेशातील माटाका नावाच्या प्रमुखाच्या गावी, शरणपूरच्या अब्राहम या तरुणाला त्याचा सख्खा काका भेटला. अब्राहमला पळवून नेल्यानंतर त्याची आई आणि दोन बहिणी यांनाही अरबांना विकण्यात आले होते, हे त्याला काकाकडून कळले. काकाने राहण्याचा आग्रह केला, लिव्हिंगस्टननेही त्याला तिथेच राहण्याचा सल्ला दिला, तरी अब्राहम थांबला नाही. नाशिकमधल्या त्या काही वर्षांनंतर त्याचे घर म्हणजे नेमके काय उरले होते, हे या एका नकारावरून कळते : ज्या घरी परतायचे त्या घरात आईच नव्हती, आणि ज्यांच्यासोबत तो वाढला ते सवंगडी पुढच्या मुक्कामाला निघाले होते.

दुसरी तुकडी १८७२ साली गेली. लिव्हिंगस्टनच्या शोधार्थ निघालेल्या मोहिमेसाठी जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार आणि त्यांचे काही सोबती निवडले गेले. पत्रकार हेन्री स्टॅन्ले यांनी आधीच लिव्हिंगस्टनची गाठ घेतल्याने ती मोहीम मोडली, परंतु हे तरुण नव्या कुमकेसोबत पुढे पाठवले गेले आणि अखेरपर्यंत लिव्हिंगस्टनसोबत राहिले. १ मे १८७३ च्या पहाटे, आजच्या झांबियातील चितांबो नावाच्या प्रमुखाच्या गावी लिव्हिंगस्टनचा मृत्यू झाला, तेव्हा त्याच्याजवळ एकही युरोपीय माणूस नव्हता.

शरणपूरच्या शाळेची खरी परीक्षा, कोणी योजलेली नसताना, इथे झाली. लिव्हिंगस्टनचे आफ्रिकी सोबती सुसी आणि चुमा यांच्या नेतृत्वाखालील साठच्या आसपास माणसांनी मृतदेह समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेण्याचे ठरवले. हृदय काढून तिथेच एका म्वुला झाडाखाली पुरण्यात आले, देह मीठ लावून उन्हात वाळवण्यात आला, मग कापडात आणि झाडाच्या सालीच्या नळकांड्यात बांधून, त्यावर शिडाचे कापड शिवून तो वाहून नेण्यायोग्य करण्यात आला. हृदय पुरताना प्रार्थनापुस्तकातील अंत्यविधीचा भाग जेकब वेनराइटने मोठ्याने वाचला आणि झाडाच्या खोडावर लिव्हिंगस्टनचे नाव, तारीख आणि सोबतच्या काही आफ्रिकी सहकाऱ्यांची नावे कोरली. मृत्यूची बातमी कळवणारे इंग्रजी पत्रही त्यानेच लिहिले. रोजच्या प्रार्थनेत ऐकलेला पाठ आणि वर्गात गिरवलेली अक्षरे चितांबोच्या गावी अशी कामी आली, आणि शाळेच्या दिनक्रमाचे मोल यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारा दाखला शोधूनही सापडणे कठीण आहे.

सुमारे हजार मैलांची ती अंत्ययात्रा नऊ महिने चालली. वाटेत आजारपण, मृत्यू आणि स्थानिक संघर्ष यांना तोंड देत ही मंडळी १८७४ च्या फेब्रुवारीत बागामोयो बंदरी पोहोचली. चर्च मिशनरी सोसायटीने वेनराइटच्या प्रवासाचा खर्च उचलला आणि तो शवपेटीसोबत इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीत शवपेटीला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांत तो एकमेव आफ्रिकी होता. त्याची हस्तलिखित रोजनिशी आजही उपलब्ध आहे. लिव्हिंगस्टनच्या मृत्यूच्या वेळी हजर असलेल्या आफ्रिकी माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेला वृत्तान्त म्हणून तिचे मोल मोठे आहे. ती लिहिणारा हात नाशिकला वळलेला होता.

शरणपूरमधील आफ्रिकी विभागाचा शेवटही याच सुमारास झाला. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी १८७३ साली झांजिबारच्या सुलतानाशी गुलामांचा सागरी व्यापार बंद करण्याचा करार घडवून आणला, आणि सुटलेल्या गुलामांसाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच वसाहत असावी, असा आग्रह धरला. तिची उभारणी करण्यासाठी सोसायटीने शरणपूरच्या अनुभवी प्राइस यांनाच पाठवले, आणि १८७५ साली मोंबासा बेटासमोरच्या मुख्य भूमीवर ‘फ्रियरटाउन’ वसले. भारतातून तिथे गेलेल्या शंभराहून अधिक बॉम्बे आफ्रिकनांनी शिक्षक, सुतार, लोहार, दुभाषे आणि धर्मोपदेशक म्हणून कामे सांभाळली. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे दोघे तर दशकभर आधीच मोंबासाजवळच्या राबाई येथील मिशनवर रुजू झाले होते. १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी या दोघांना डीकन, म्हणजे पाळकपदाच्या पहिल्या पायरीचा धर्माधिकारी, म्हणून दीक्षा दिली. किनाऱ्यावरच्या लोकांना मात्र ही मंडळी पोशाखाने, भाषेने आणि वागण्याने परकीच वाटत, आणि युरोपीय मिशनरी त्यांना बरोबरीची जागा द्यायला तयार नसत. ज्या मातीत जन्म झाला तिथे उपरे ठरण्याचे दुःख त्यांच्या वाट्याला आले, तरी लिहिता-वाचता येणारा आणि हातात कसब असलेला वर्ग म्हणून त्यांनी त्या किनाऱ्यावरील शाळांचा आणि चर्चचा पाया घातला.

फ्रियरटाउनमध्ये धोक्याची सूचना देण्यासाठी उभारलेल्या घंटेचा मनोरा मोंबासात अजून उभा आहे आणि त्या परिसराला ‘केंगेलेनी’, म्हणजे स्वाहिली भाषेत घंटेची जागा, असे नाव पडले आहे. शरणपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे संत आंद्रिया प्रार्थनामंदिर आहे आणि रविवारची उपासना तिथे मराठीत होते. वेनराइट १८९२ साली आजच्या टांझानियातील उरांबो येथे वारला. चेंग्विंबे ऊर्फ मॅथ्यू वेलिंग्टन सर्वांत अधिक जगला; १९३५ साली मोंबासात त्याचे निधन झाले, तेव्हा लिव्हिंगस्टनचा देह वाहून आणणाऱ्यांपैकी अखेरचा हयात माणूस म्हणून तो ओळखला जात होता.