बोर्डिंगची मूठ



साताऱ्याच्या धनिणीच्या बागेचे नाव निघाले, की जुन्या माणसांना आठवते ते बोर्डिंग. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ साली साताऱ्यास हे वसतिगृह सुरू केले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले.

शिवाशिवीच्या त्या काळात इथे सगळ्या जातिधर्मांची पोरे एका पंगतीला जेवत. पोरे स्वतः पाणी भरत, रांधत, राबत आणि शिकत. बोर्डिंग चालले ते मुष्टिफंडावर. घरोघरच्या बाया मूठभर धान्य बाजूला काढून ठेवीत. पोरांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. ही माउली १९३० साली गेली.

आपण शेअरची रक्कम भरून कारखाना उभा केला, याचा आम्हांस अभिमान आहे. पण सहकाराचा धडा त्या मुठीने आधीच घालून दिला होता.

हा वारसा भिंतींना चुना लावून जपला जाणार नाही. आपल्या फडात तोडणी टोळीबरोबर आलेल्या कित्येक पोरांची शाळा दर हंगामात मोडते. सभासदांनी आपल्या फडावरच्या कोपीत डोकवावे, आणि शाळेच्या वयाचे पोर दिसले तर त्याच्या आईबापांशी बोलून त्याला जवळच्या शाळेत नेऊन बसवावे. एवढी मूठ तर आपणा सर्वांना परवडेल.