वीज आणि झाडाखालचा आसरा

वैशाखातील दुपारी आभाळ भरून आले, की शेतावरील माणूस औत सोडून जवळच्या झाडाखाली उभा राहतो. पावसापासून बचावासाठी घेतलेला हा आसरा विजेच्या दृष्टीने अत्यंत धोक्याचा असतो. भारतात अलीकडील काही वर्षांत वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावली आहेत. यास्तव विजेचा स्वभाव जाणून घेणे अगत्याचे आहे.

विद्युत् वातावरणात सदैव असते. निरभ्र दिवशीही जमिनीलगतच्या हवेत दर मीटर उंचीस सुमारे १०० व्होल्टचा फरक आढळतो. परंतु हवा विजेची मंद वाहक असल्याने तो जाणवत नाही. वळवाच्या ढगात मात्र स्थिती पालटते. तापलेल्या जमिनीवरील दमट हवा वेगाने वर चढते व काही किलोमीटर उंचीवर तिच्यातील बाष्प गोठते. तेथे हलके हिमकण व मऊ गारा एकमेकांवर आदळतात. त्यामुळे बहुधा हिमकणांवर धनभार व गारांवर ऋणभार येतो. हिमकण ढगाच्या माथ्याकडे जातात. जड गारा खाली राहतात. ढगाच्या तळच्या ऋणभारामुळे खालील जमिनीवर धनभार गोळा होतो. हा ताण हवेस असह्य झाला, म्हणजे वीज कोसळते.

ती बहुधा उंच वस्तू गाठते. माळावरील एकटे झाड म्हणूनच तिचे सोपे लक्ष्य होय. खोडातून उतरणारा प्रवाह जवळच्या माणसावर उडी घेतो, तसाच जमिनीत चोहोकडे पसरतो. पायांमध्ये जितके अंतर अधिक, तितका धक्का मोठा. जनावराचे पुढचे व मागचे पाय दूर असतात आणि हृदय प्रवाहाच्या वाटेत येते. म्हणून एकाच विजेने झाडाखालची अनेक जनावरे मरतात. पायाळू माणसावर वीज पडते, या समजुतीस मात्र काहीही आधार नाही.

गडगडाट ऐकू येताच काम थांबवून पक्क्या घरात जावे व शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. घर दूर असल्यास झाडे, विजेचे खांब व तारेचे कुंपण यांपासून दूर, सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसावे. जमिनीवर आडवे होऊ नये. जनावरे झाडास बांधू नयेत.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्यास निःशंकपणे हात लावावा. श्वास थांबला असल्यास छाती दाबून कृत्रिम श्वास द्यावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाईल अ‍ॅप परिसरातील विजेची सूचना देते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वळवापूर्वीच ते शेतकरी बंधूंना दाखवावे. भिजलेले अंग वाळते. गेलेला जीव परत येत नाही.